खाली पडलेला गडी जिंकला कसा?

लास व्हेगासमध्ये शनिवारची रात्र रंगात येते तेव्हा खान्देशात रविवारचे साडेसात-आठ वाजलेले असतात. त्यामुळे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे एमएमएच्या, मोठ्या लढती बघायला आमच्या घरी कोणाला जागरण करावे लागत नाही. त्या सकाळच्या दुसऱ्या चहाबरोबर बघितल्या जातात. बघणारे दोघेच. एक मी आणि दुसरे माझे मोठे काका, ज्यांना सगळे घर नाना म्हणते. नानांनी तरुणपणी चोपडा-अमळनेर पट्ट्यातल्या यात्रांच्या दंगलींत पुष्कळ कुस्त्या मारल्या आहेत. हरलेली एकही कुस्ती मात्र त्यांना आठवत नाही. त्यांनी पहिल्यांदा माझ्याबरोबर लढतींची अख्खी रात्र पाहिली, तेव्हा एका लढतीत पाठीवर पडलेल्या गड्याने वर बसलेल्याला पायांच्या कात्रीत धरून शरण आणले. नानांनी कपबशी खाली ठेवली आणि अहिराणीत विचारले, ‘‘हाऊ खाले पडेल गडी जिकना कसा रे भो?’’

या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले. उरलेले अर्धे, म्हणजे ज्या लढतीत कोणीच शरण येत नाही तिचा निकाल कसा लावतात हे, मला स्वतःलाच धड ठाऊक नाही असे त्या सकाळी लक्षात आले. दहा वर्षे मी निकालांवर चिडत होतो, पण ते ज्या नियमांनी लागतात ते नियम कधी मुळातून वाचले नव्हते. पुढे वाचले, आणि नानांना समजावता समजावता मलाही थोडेफार समजले.

आधी सोपा भाग. मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवली की निकाल लागतो. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, त्या मुलखातल्या माणसाला हे सांगायला नको. आपले डोळे या एका खुणेवर घडलेले आहेत: वरचा तो जिंकणारा आणि खालचा तो हरणारा. एमएमएमध्ये पाठ टेकणे हा शेवट नसतो, ती लढतीतली एक स्थिती असते. खाली पडलेला गडी आपले दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती आवळतो आणि त्याला हव्या त्या अंतरावर ठेवतो. या स्थितीला ‘गार्ड’ म्हणतात. ब्राझीलच्या जुजुत्सूमध्ये गार्डमधून करायच्या डावांचे एक वेगळे शास्त्रच आहे, आणि ज्याला ते येते त्याच्यासाठी पाठ हा हल्ला करण्याचा पाया असतो.

नानांना हे तोंडी पटेना, म्हणून मी बैठकीत सतरंजी अंथरली आणि पाठीवर पडलो. नाना माझ्या दोन पायांमध्ये गुडघ्यांवर बसले. त्यांचा एक हात मी माझ्या छातीकडे ओढून घेतला, दुसरा बाहेर राहू दिला, डावी पोटरी त्यांच्या मानेवरून आडवी टाकली आणि तिचा घोटा उजव्या गुडघ्याच्या खोबणीत अडकवला. झाला त्रिकोण. आता मानेच्या एका बाजूला माझी मांडी होती आणि दुसऱ्या बाजूला नानांचाच खांदा. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या धमन्या मानेच्या दोन बाजूंनी वर जातात आणि या पकडीत त्या दोन्ही दाबल्या जातात. श्वासनलिका मोकळी असली तरी पकड नीट बसल्यावर आठ-दहा सेकंदांत माणसाची शुद्ध हरपू शकते. मी अर्थातच जोर लावला नाही, तरीही नानांनी दुसऱ्याच सेकंदाला माझ्या मांडीवर थाप मारली. हीच ती ‘टॅप’, शरणागतीची खूण. आतून मोठ्या आईने विचारले, ‘‘काय पडले रे?’’ नाना मान चोळत म्हणाले, ‘‘काही नाही, डाव पाहतोय.’’ (घरी कोणी हा प्रयोग करू नये. आम्हीही पुन्हा केलेला नाही.)

मग मी त्यांना ७ ऑगस्ट २०१० ची, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची लढत दाखवली. अँडरसन सिल्वा हा यूएफसी या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनगटातला, विजेता होता आणि आव्हान देणारा चेल सोनेन हा मुळातला कुस्तीगीर होता. सोनेनने पहिल्या फेरीपासून सिल्वाला पाठीवर पाडले आणि वर बसून ठोसे लगावले. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतही तेच झाले. चारही फेऱ्या परीक्षकांनी सोनेनला दिलेल्या होत्या. पाचवी आणि शेवटची फेरीही त्याच वाटेने चालली होती. फेरीची ३ मिनिटे १० सेकंद झाली तेव्हा खालून सिल्वाने त्याचा हात आणि मान एकदमच त्रिकोणात पकडले, कोपर ताणले, आणि सोनेनने थाप मारली. विजेतेपद हातात यायला १ मिनिट ५० सेकंद उरले होते. नाना ती लढत बघताना चार फेऱ्या ‘‘याला कशाला अजून लढवता, संपली कुस्ती’’ असे म्हणत होते आणि शेवटी बराच वेळ काही बोलले नाहीत.

कुस्तीगीराला या खेळात आणखी एक खोड मोडावी लागते. पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडायला, आपण डोके खाली घालून आत शिरतो, आणि एमएमएमध्ये नेमकी तीच मान समोरच्याच्या काखेत सापडते. तिथून जो फास बसतो त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातला भरत खंडारे हा भारतातून यूएफसीत लढायला गेलेला पहिला लढवय्या. तो २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये चीनच्या सोंग यादोंगसमोर उतरला आणि पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये हरला. याचा अर्थ कुस्ती इथे निरुपयोगी आहे असा नाही. रशियातल्या दागिस्तानच्या खबीब नुरमागोमेदोवने कुस्तीच्याच बळावर २९ पैकी २९ लढती जिंकल्या आणि २०२० मध्ये न हरता निवृत्ती घेतली. कुस्तीने माणूस खाली पडतो, पण पुढचा डाव आला नाही तर तो तसाच उठतो, एवढाच मुद्दा आहे.

इथपर्यंत नानांची तक्रार नव्हती. शरण आला, बेशुद्ध पडला किंवा पंचाने मार थांबवला, तर निकाल कोणालाही दिसतो. भांडण पुढे आहे.

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची पहिली स्पर्धा झाली तेव्हा हे भांडण नव्हतेच, कारण गुण देणारे परीक्षकच नव्हते. वजनगटही नव्हते. सुमारे ८० किलोच्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन जणांना शरण आणून ती स्पर्धा जिंकली. पण लढतीला वेळेची मर्यादा घातली की वेळ संपल्यावर कोणीतरी निकाल सांगावा लागतो. न्यू जर्सी राज्याच्या क्रीडा नियामकांनी २००० च्या सुमारास जे एकत्रित नियम आकाराला आणले, त्यांत वजनगट, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या, निषिद्ध गोष्टींची यादी आणि तीन परीक्षक आले. साधी लढत तीन फेऱ्यांची असते. विजेतेपदाची आणि रात्रीची शेवटची मुख्य लढत पाच फेऱ्यांची. लढतीचा आखाडा जाळीने वेढलेला असतो. जाळीच्या आत असतो तो पंच. त्याचे काम लढत चालवणे आणि थांबवणे. गुण देणारे तिघे परीक्षक बाहेर तीन वेगवेगळ्या बाजूंना बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

गुणांची पद्धत बॉक्सिंगमधून घेतलेली आहे. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० गुण मिळतात आणि हरणाऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. फेरी संपली की त्या फेरीचा हिशेब बंद होतो आणि पुढची फेरी कोऱ्या पाटीवर सुरू होते. शेवटी बेरीज करतात. हा मुद्दा वाचायला किरकोळ वाटतो, पण निकालावर ओरडणाऱ्या चाहत्यांपैकी बहुतेकांची, पूर्वी माझीही, चूक इथेच होते. आपण पूर्ण लढत एका नजरेत पाहतो आणि ‘याने त्याला जास्त मारले’ असे म्हणतो. परीक्षकाला तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. त्याला तीन किंवा पाच वेगवेगळे प्रश्न विचारलेले असतात.

१६ नोव्हेंबर २०१३ ला लास व्हेगासमध्ये जॉर्ज सेंट-पिएर आणि जॉनी हेंड्रिक्स यांची लढत झाली, तेव्हा मला याचा अर्थ कळायला हवा होता. पाच फेऱ्या संपल्यावर सेंट-पिएरचा चेहरा सुजलेला होता, हेंड्रिक्स त्या मानाने ताजा होता, आणि निकाल सेंट-पिएरच्या बाजूने लागला: दोघांनी ४८-४७ असे गुण त्याला दिले, तिसऱ्याने तेच उलटे हेंड्रिक्सला. मी ‘चोरी’ म्हणून ओरडलो होतो. नंतर गुणपत्रिका पाहिल्या तर दुसरी आणि चौथी फेरी तिघांनीही हेंड्रिक्सला दिली होती, तिसरी आणि पाचवी तिघांनीही सेंट-पिएरला. मतभेद फक्त पहिल्या फेरीचा होता. म्हणजे पंचवीस मिनिटांच्या लढतीचा निकाल पहिल्या पाच मिनिटांवर ठरला, आणि ती पाच मिनिटे शेवटी कोणालाच नीट आठवत नव्हती.

फेरी कोणी जिंकली हे ठरवण्याच्या तीन कसोट्या आहेत आणि त्यांचा क्रम पक्का आहे. पहिली कसोटी परिणामकारक प्रहार आणि परिणामकारक झोंबी. तिच्यात दोघे अगदी तंतोतंत सारखे ठरले तरच दुसरी, म्हणजे आक्रमकता, बघायची. तीही सारखी ठरली तरच तिसरी, म्हणजे जागेवरचा ताबा. बहुसंख्य फेऱ्या पहिल्या कसोटीवरच निकालात निघतात. पण टीव्हीसमोर बसलेले आपण तिन्ही एकत्र कालवतो. जो सतत पुढे सरकतो आहे तोच जिंकतो आहे असे आपल्याला वाटत राहते, आणि मागे सरकत सरकत नेमके ठोसे मारणारा आपल्या हिशेबातून सुटतो.

या कसोटीतला ‘परिणामकारक’ हा शब्द नानांच्या पचनी पडायला सर्वांत जड गेला. गादीवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत पट काढून ताबा मिळवला की दोन गुण पाटीवर चढतात, मग पुढे काही होवो न होवो. एमएमएमध्ये पट काढण्याला आपले असे गुण नाहीत. पाडल्यावर तुम्ही काय केले, ठोसे बसले का, फास आवळत आणला का, समोरच्याला वाचण्यासाठी धडपडावे लागले का, याला किंमत आहे. तीन मिनिटे वर पडून राहिलात आणि खालच्याने तेवढ्यात कोपराने तुमची भुवई फोडली, तर फेरी खालच्याला जाऊ शकते. २०१७ पासून हळूहळू लागू होत गेलेल्या सुधारित कसोट्यांनी हे अधिक स्पष्ट केले: लढत संपण्याच्या जवळ कोणी नेली, हे बघायचे. ‘‘म्हणजे ताबा फुकट?’’ नानांनी विचारले. फुकट नाही, पण ताबा हे साधन आहे, आणि परीक्षक त्या साधनातून काय निघाले ते विचारतो.

पूजा तोमरच्या लढतीवर मात्र आमचे खरे भांडण झाले. ८ जून २०२४ ला अमेरिकेतल्या लुईव्हिल इथे उत्तर प्रदेशची पूजा ब्राझीलच्या रायाने दोस सांतोसविरुद्ध ५२ किलोच्या गटात लढली आणि यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. आपल्याकडे तारीख ९ जून लागलेली होती. आनंद झालाच, पण गुण ऐकून नाना चक्रावले. पहिल्या परीक्षकाचे ३०-२७ पूजाला. दुसऱ्याचे ३०-२७ रायानेला. तिसऱ्याचे २९-२८ पूजाला. एकाने तिन्ही फेऱ्या एकीला दिल्या आणि दुसऱ्याने त्याच तिन्ही फेऱ्या दुसरीला. ‘‘तिघे एकाच आखाड्याकडे बघत होते ना?’’ असे नानांनी विचारले.

मी त्यांना काट्याचे उदाहरण दिले, कारण कापसाचे ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढवण्यात त्यांची अर्धी हयात गेली आहे. समजा, दोन शेतकऱ्यांचा माल तीन खेपांत मोजायचा आहे, पण काटा फक्त ‘याचा जास्त’ किंवा ‘त्याचा जास्त’ एवढेच दाखवतो. पन्नास किलो जास्त असला तरी तोच शिक्का, अर्धा किलो जास्त असला तरी तोच. तिन्ही खेपांत दोघांचा माल जवळजवळ सारखाच असेल, तर हात जरासा इकडेतिकडे झाल्याने एका काटेवाल्याच्या पावतीवर ३-० येईल आणि दुसऱ्याच्या पावतीवर ०-३. कागदावर या दोन टोकांच्या पावत्या दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यात दीड-दोन किलोचा फरक आहे. १०-९ हा आकडा असाच बोथट आहे. केसभर सरस ठरलेल्यालाही १०-९ आणि चार मिनिटे स्पष्ट वरचढ राहिलेल्यालाही बहुतेक वेळा १०-९. त्यामुळे ३०-२७ ऐकून ‘एकतर्फी’ असे समजू नये. तीन फेऱ्या जिंकल्या एवढेच त्यातून खात्रीने कळते.

मोठे अंतर दाखवण्याची सोय नियमांत आहे. मार, वर्चस्व आणि ते किती वेळ टिकले हे पाहून फेरी १०-८ देता येते. समजा, एकाने पहिल्या दोन फेऱ्या केसभर फरकाने जिंकल्या आणि तिसरीत बेदम मार खाल्ला. तिसरी १०-९ दिली तर तो २९-२८ ने जिंकतो आणि रक्ताळलेल्या तोंडाने हात वर करतो. १०-८ दिली तर २८-२८ होऊन लढत बरोबरीत सुटते. माझे मत असे की परीक्षक पैसे खातात, ओळखीच्याला जिंकवतात, या चाहत्यांच्या लाडक्या आरोपांपेक्षा वादाचे मूळ १०-८ द्यायला हात आखडण्यात जास्त आहे. आणि अगदी समसमान फेरी १०-१० देता येत असूनही ती क्वचितच दिली जाते, हेही त्यात धरावे.

अर्थात परीक्षक चुकतही असतील. ८ फेब्रुवारी २०२० ला ह्यूस्टनमध्ये जॉन जोन्सने डॉमिनिक रेयेसला हरवले तेव्हा दोघांनी ४८-४७ दिले आणि तिसऱ्याने ४९-४६, म्हणजे पाचपैकी चार फेऱ्या जोन्सला. ती लढत मी तीनदा पाहिली आहे आणि चार फेऱ्या जोन्सला देणारी नजर मला अजून सापडलेली नाही. परीक्षक जाळीबाहेर एका बाजूला बसलेला असतो, समोरच्यांची पाठ त्याच्याकडे असली तर ठोसा बसला की हुकला हे नुसत्या डोळ्याने कळत नाही, म्हणून त्याच्यासमोर लढत दाखवणारा टीव्हीचा पडदाही ठेवलेला असतो, तरीही.

निषिद्ध गोष्टींत फार शिरत नाही. डोळ्यात बोट, जांघेत लाथ, डोक्याने टक्कर, चावणे वगैरे चालत नाही, आणि पंच त्यासाठी गुण कापू शकतो किंवा बाद ठरवू शकतो. पण नियमही दगडावरची रेघ नसतात याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. याच जॉन जोन्सच्या नावावर कारकिर्दीत एकच हार आहे, डिसेंबर २००९ मधली, आणि ती कोपर सरळ वरून खाली आपटल्याबद्दल बाद ठरवल्यामुळे. तो प्रहार १ नोव्हेंबर २०२४ पासून निषिद्ध राहिलेला नाही. जोन्सची ती हार मात्र कागदावर तशीच आहे.

नानांचा शेवटचा बालेकिल्ला होता तो कुस्तीत असले काही होत नाही, पाठ टेकली ती टेकली, हा. मी त्यांना २०२५ च्या अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीची आठवण दिली. तिथे उपांत्य सामन्यात पाठ पूर्ण टेकली की नाही यावरूनच वाद झाला आणि तो पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेला. नाना म्हणाले, ते वेगळे. कसे वेगळे, ते सांगितले नाही.

मग एका रविवारी आम्ही पूजाची लढत पुन्हा लावली, या वेळी आवाज पूर्ण बंद करून, कारण समालोचक एकाच्या प्रत्येक लाथेला ‘वा’ म्हणू लागला की आपलेही डोळे तिकडेच वळतात. नानांना मी एक पेन दिले. त्यांनी खिशातून काट्याची जुनी पावती काढली आणि तिच्या मागे तीन रेघा ओढल्या. फेरी संपली की थांबवायचे, एकमेकांना न दाखवता लिहायचे, मग पुढची फेरी. शेवटी दोघांनी कागद समोरासमोर ठेवले. माझे २९-२८ पूजाला. नानांचेही २९-२८ पूजाला. नाना खूश झाले, ‘‘बघ, जाणता माणूस एकच बघतो.’’ मग मी फेऱ्या जुळवून पाहिल्या. मी पहिली आणि तिसरी पूजाला दिली होती. नानांनी दुसरी आणि तिसरी. पहिली फेरी आता तिसऱ्यांदा लावली आहे आणि दर वीस सेकंदांनी नाना ती थांबवायला लावत आहेत.